मावशीचा बिअर-वाइनचा परवाना

नियम वाचायची मला हौस होती. हौस कसली, खाज म्हणा. नव्वदच्या दशकात ॲन आर्बरला मास्टर्स करून मी शिकागोजवळ नेपरव्हिलला नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या लोकांत कुणाचं कागदाचं काम निघालं की पहिला फोन मला यायचा. इन्शुरन्सचा फॉर्म, शाळेचा फॉर्म, इमिग्रेशनचा फॉर्म. मी फोनवर 'पान तीन, खालून दुसरी ओळ' असं सांगायचो आणि पलीकडचा माणूस गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याची मला चटक लागली होती. स्वतःचं ग्रीन कार्ड अजून कुठल्यातरी टेबलावर धूळ खात पडलेलं, आणि मी जगाला शहाणपणा शिकवत फिरत होतो.

त्यामुळे मावशीच्या रेस्टॉरंटला बिअर-वाइनचा परवाना काढायचं ठरलं, तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. मीच जाऊन फाइल उचलली.

मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. नागपूरला आमच्याच वस्तीतली, आईच्या वर्गातली. नर्स होऊन सत्तरच्या दशकात शिकागोला आली, नवऱ्याशी फार पूर्वीच फाटलं, मूलबाळ नाही. वीस वर्षं हॉस्पिटलात पेशंट उचलून पाठ कामातून गेली, तेव्हा तिने नोकरी सोडली आणि नेपरव्हिलच्या जवळच्या एका छोट्या गावात, ड्रायक्लीनर आणि कुत्र्यामांजरांच्या दवाखान्याच्या मध्ये, नऊ टेबलांचं रेस्टॉरंट काढलं. पाटोडीची भाजी, गोळाभात, लाल तर्रीचं मटण. मेनू तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला होता, नर्सेसचं असतं तसं सुटं, स्वच्छ अक्षर. टाइपरायटरला तिने जन्मात बोट लावलं नव्हतं. मी एकदा मेनू टाइप करून देतो म्हणालो, तर म्हणाली, "काहून? माह्या अक्षरानं लोकाईचे जीव वाचले आहेत. जेवणाचं तर काय घेऊन बसला."

जेवण उत्तम होतं. अडचण एवढीच होती, की तर्रीचं मटण गोऱ्या माणसासमोर ठेवलं की तो बिअर मागतो, आणि बिअर नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. काही जण पाण्यावर भागवायचे. पुष्कळ जण मेनू मिटून, 'लव्हली प्लेस' म्हणून, कोट घालून निघून जायचे. दोन वर्षांत जागेचा मालकही कंटाळला. त्याने मावशीला सरळ सांगितलं, की मार्चअखेर लीज संपतं आहे. तोवर लायसन्स आणलं तर पुढची पाच वर्षं जागा तुझी, नाहीतर टॅनिंगवाला गिऱ्हाईक तयार आहे. टॅनिंग म्हणजे मशीनमध्ये झोपून, पैसे मोजून, सावळं व्हायचं दुकान. ज्या रंगावरून आमच्या दोन-चार पिढ्यांनी बोलणी खाल्ली, तो रंग विकायला मावशीच्या चुली विझवायच्या होत्या. मावशी आठवडाभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघ रे काय लागते ते. दुकान नाही सोडणार मी."

मी गावाच्या कार्यालयातून नियमांची प्रत आणली. आजवर मी बरेच नियम वाचलेत, पण दारूचे नियम करणारी माणसं काही औरच असतात. परवान्याचे आठ-नऊ वर्ग. एका वर्गात बाटली विकता येते पण उघडता येत नाही, दुसऱ्यात उघडता येते पण गिऱ्हाइकाला घरी नेता येत नाही. आपला वर्ग फक्त बिअर आणि वाइनचा, तोही जेवणाबरोबर. म्हणजे माणूस टेबलावर बसून दोन घास खाल्ल्याशिवाय त्याला बिअर द्यायची नाही. काउंटर असावा, पण काउंटरपाशी उंच स्टूल नसावं, कारण स्टूल आलं की त्याचा बार होतो. एकावर एक फ्री द्यायचं नाही. रविवारी दुपारपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही, कारण तोवर देव जागा असतो. जवळ चर्च किंवा शाळा नको, म्हणून मी टेप घेऊन पार्किंग लॉटमध्ये बर्फात वाकून अंतर मोजत बसलो. दवाखान्यातल्या बाईने खिडकीतून बघून विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही, चर्च शोधतोय. तिने पडदा ओढून घेतला.

सगळ्यावर कडी म्हणजे, गावाचा मेयर हाच गावाचा लिकर कमिशनर. हा मनुष्य दिवसा गालिचे विकायचा. गावात किती परवाने असावेत याचा आकडा ठरलेला, तो भरलेला, आणि आणखी एक हवा असेल तर गावाच्या बोर्डाने सभेत मत देऊन आकडा वाढवायचा. अर्जदार 'चांगल्या चारित्र्याचा आणि समाजात प्रतिष्ठा असलेला' हवा. ही प्रतिष्ठा कशी मोजायची ते कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ती आहे असं सांगणारी तीन पत्रं जोडायची होती. अर्जात एक प्रश्न असाही होता, की तुम्हाला कुंटणखाना चालवल्याबद्दल शिक्षा झाली आहे काय. हा प्रश्न मी छप्पन वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या मावशीला मराठीत कसा विचारणार? मी परस्पर 'नाही' टाइप केलं.

पत्रांसाठी आम्ही आधी आपल्या माणसांकडे गेलो, ही माझी चूक. आमच्या बौद्ध मंडळाचे अध्यक्ष मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर होते, रेस्टॉरंटच्याच गावात राहायचे, घराला तीन गॅरेज. मंडळात कुणाचं काही झालं, की शेवटचं बोलणं त्यांचं. मावशीने जयंतीला दोनशे माणसांचं जेवण दोन वर्षं अर्ध्या भावात केलं होतं, तेव्हा हेच गृहस्थ माइकवर तिला 'आपल्या समाजाची माउली' म्हणाले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी चहा मागवला आणि छताकडे बघितलं.

"मावशी, व्यक्तिशः माझा तुम्हाला फुल सपोर्ट आहे," ते म्हणाले. "पण मंडळाचा अध्यक्ष म्हणून लिहून देणं... यू नो, सम्यक आजीविका म्हणून काही आहे ना. मद्याचा व्यापार धम्मात बसत नाही. उद्या लोक मला विचारतील."

मद्याचा व्यापार धम्मात बसत नाही, हे खरंच आहे. ते मावशीलाही माहीत होतं, म्हणून तर ती आठवडाभर गप्प होती. पण हे आम्हाला कोण सांगत होतं? ज्यांच्या बेसमेंटमध्ये सहा उंच स्टुलांचा बार होता ते. मुलांच्या वाढदिवसाला पुरुषमंडळी खाली जायची आणि स्कॉच स्टीलच्या पेल्यातून प्यायची, म्हणजे मुलांना कळू नये. मुलांना सगळं कळत होतं. अध्यक्षांची सात वर्षांची मुलगी पाहुण्यांना जिन्यावरच सांगायची, 'डॅड्स ज्यूस इज डाउनस्टेअर्स.' आणि रविवारी त्याच बेसमेंटमध्ये, त्याच बारवर पांढरी चादर घालून, वर बुद्धमूर्ती ठेवून, आमची वंदना व्हायची. चादरीखाली बाटल्या असायच्या. मी स्वतः ती चादर घालायला मदत केलेली आहे, म्हणून सांगतो.

मावशीने चहा प्यायला. तिने नाकाने कांदे सोलणाऱ्याला कधी उलट उत्तर दिलं नाही. फक्त निघताना म्हणाली, "साहेब, मी मद्य विकायला नाही बसली. मी जेवायला घालते. त्याच्यासंगं ते लोक जे मागतात ते ठेवावं लागून राहिलं, त्याचा मले आनंद नाही. तुमचं नाव नाही घेणार मी कुठं." अध्यक्षांनी दारापर्यंत येऊन तिला पुरणपोळीची ऑर्डर दिली. तीस नग.

शेवटी पत्रं दिली ती हॉस्पिटलातल्या एका जुन्या नर्सने, ड्रायक्लीनरवाल्या कोरियन बाईने, आणि पडदा ओढून घेणाऱ्या दवाखान्यातल्या त्या बाईने. आपल्या माणसांत ज्यांना इंग्रजी लिहिता येत होतं, त्या प्रत्येकाला त्या आठवड्यात नेमकं काहीतरी काम होतं.

आता खरा मुद्दा. अर्जात एक प्रश्न होता: तुम्हाला कुठल्याही देशात, दारूशी संबंधित कुठल्याही कारणावरून, कधी अटक झाली आहे काय?

मला उत्तर माहीत होतं. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मावशी नर्सिंगला होती, वीस-एकवीस वर्षांची, तेव्हा वस्तीच्या मागे नाल्याकाठी हातभट्टी चालायची. मावशीचा बाप त्या भट्टीचं पिऊन मेला. तेराव्याच्या आत मावशी चाळीसेक बायका घेऊन तिथे गेली. माझी आईही होती त्यात. बायकांनी मडकी फोडली, पिंपं नाल्यात उलटी केली, आणि भट्टीवाल्याने पोलिसांना पैसे चारले असल्यामुळे पोलिसांनी भट्टीवाल्याला सोडून बायकांना गाडीत घातलं. संध्याकाळी सोडलं. पुढे केस चाललीच नाही. पण वस्तीत मावशीची ओळख 'गाडीत बसलेली' अशीच राहिली. लग्नाच्या बोलणीत लोक मुलीचं शिक्षण सांगतात तसं तिच्याबद्दल हे सांगायचे.

आमच्याकडे चळवळीतली अटक ही लपवायची गोष्ट नसते. लोक ती मिरवतात, पेपरातलं कात्रण फ्रेम करून लावतात. हे अमेरिकेतल्या गालिचेवाल्याला कोण समजावणार? त्याला एवढंच दिसणार, की दारूवरून अटक झालेली बाई दारूचा परवाना मागते आहे. मी ऑफिसातल्या टाइपरायटरवर त्या प्रश्नापुढेही 'नाही' टाइप केलं. पस्तीस वर्षांपूर्वीची, नागपूरची, केस न झालेली अटक कोण शोधणार? मला तर माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. मावशीला मी सांगितलं, सगळं भरलंय, फक्त सही कर.

अर्जावर शपथ होती, म्हणून सही बँकेत नोटरीसमोर करायची होती. नोटरी बाईने शिक्का तयार ठेवला. मावशी खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या पानापासून वाचायला लागली. औषधाच्या चार्टवर सही करायच्या आधी वाचावं तसं, बोट ठेवून. कुंटणखान्यावर बोट थांबलं, तिने माझ्याकडे पाहिलं, पुढे गेली. मग त्या प्रश्नावर थांबलं.

"हे काय लिहिलं?"

"मावशी, ते तसंच असू दे."

"मी गाडीत नव्हती बसली?"

"मावशी, इथे ते वेगळं समजतात. कुणी विचारत नाही. सही कर आणि चल."

तिने नोटरीचं पेन घेतलं, माझ्या टाइप केलेल्या 'नाही'वर एक सरळ रेघ मारली, शेजारी तिच्या त्या सुट्या अक्षरात 'हो' लिहिलं, आणि बाजूला सही केली. चार्टमधली चूक नर्स अशीच दुरुस्त करते, खोडत नाही, म्हणजे खालचं वाचता येतं. मग खाली शपथेवर सही केली.

गाडीत मी तिला फाडफाड बोललो. काय काय बोललो ते आठवलं की आजही जीभ चावावीशी वाटते. म्हणालो, तुला कळत नाही, हा काही वस्तीतला सत्याग्रह नाही, तू तुझ्या हाताने दुकान घालवलंस, आता भाज त्या टॅनिंगवाल्याच्या मशीनमध्ये पाटोड्या. ती रस्त्याकडे बघत होती.

"नागरिकत्व घेतलं तेव्हापण विचारलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "तेव्हापण 'हो' लिहिलं. तो साहेब म्हणे, काय फोडलं? मी म्हणलं, मडकी. हसला तो आन् शिक्का मारला." मग म्हणाली, "माह्या बापाच्या नावानं फोडलं होतं ते, बाप्पा. ते नाही म्हणून कसं सांगू? मग तो मेला तेपण नाही म्हणू का?"

माझ्या डोक्यात मात्र तिचा बाप नव्हता. माझ्या डोक्यात तिसरंच काही आलं होतं. सरकारच्या एका खात्यात 'हो' लिहिलेलं आहे, म्हणजे माझं 'नाही' तसंच गेलं असतं, तर ते शपथेवरचं खोटं कधीही पकडलं गेलं असतं. नियम वाचणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. नाही कळलं. ते मी तिला बोललो नाही, आणि गाडी चालवत राहिलो.

फेब्रुवारीत सभा झाली. गावाच्या सभागृहात घडीच्या खुर्च्या, कॉफीचा मोठा बंब, आणि आमच्या आधी एका माणसाच्या कुंपणाचा विषय. कुंपण सहा फूट असावं की पाच, यावर मोठी माणसं पाऊण तास बोलली. मावशी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, वर कोट घालून, पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्या मागच्या रांगेत. सगळ्यात शेवटी, दाराजवळ, आमचे अध्यक्ष. मला वाटलं, निदान आलेत तरी. नंतर कळलं, शेजाऱ्याच्या कुंपणाला विरोध करायला आले होते.

आमचा विषय आला. मेयरने अर्ज उघडला आणि वाचता वाचता त्याच्या भुवया वर गेल्या.

"मॅडम, तुम्हाला दारू नष्ट केल्याबद्दल अटक झाली होती?"

"हो."

"आणि आता तुम्हाला ती विकायची आहे."

लोक हसले. घडीच्या खुर्च्यांवर बसलेले ते सगळे, ज्यांनी आयुष्यात लॉनपेक्षा मोठी लढाई केली नव्हती, ते पोट धरून हसले. हसणं संपल्यावर मावशी तिच्या त्या नर्सच्या इंग्रजीत म्हणाली, "त्या दारूला परवाना नव्हता. त्यात काय घालत होते कुणी बघत नव्हतं. माझे वडील ती पिऊन मेले. म्हणून मी तुमच्याकडे कागद घेऊन आले आहे. मी पीत नाही. पण माझ्या दुकानात कोण किती पितो ते मी बघेन. वीस वर्षं मी तेच बघण्याचं काम केलं आहे."

मेयरने घसा साफ केला. तेवढ्यावर सुटलो असतो. पण त्याच्या शेजारी गावाचा वकील बसला होता, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच, नियम वाचायची खाज असलेला. त्याने अर्ज पुढे ओढला.

"इथे आधी 'नाही' टाइप केलेलं दिसतं," तो म्हणाला. "मग हाताने बदललं आहे. हा अर्ज कुणी तयार केला? ही माहिती लपवायचा सल्ला तुम्हाला कुणी दिला होता का?"

अर्जाच्या तळाला 'अर्ज तयार करणाऱ्याचं नाव' अशी एक ओळ होती. ती मी कोरी सोडली होती. हुशारीच ती.

त्या क्षणी मला फक्त उभं राहायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की मी टाइप केलं, मूर्खपणा माझा, या बाईने तो दुरुस्त केला. दोन वाक्यं. पण माझ्या डोळ्यांसमोर माझं ग्रीन कार्ड आलं, एखादा अधिकारी माझी फाइल उघडतो आहे असं आलं. मी बुटांच्या लेसकडे बघत राहिलो. अध्यक्षांनी त्या दिवशी छताकडे पाहिलं होतं, मी खाली पाहिलं, आमच्या दोघांत फरक एवढाच.

मावशी मागे वळली नाही. वळली असती, तर सगळ्या सभेला कळलं असतं. नजर वकिलावरच ठेवून ती म्हणाली, "मीच टाइप केला. चुकून 'नाही' टाइप झालं. बँकेत लक्षात आलं, तिथेच दुरुस्त केलं."

जिने मडकी फोडल्याचं 'हो' लिहिण्यासाठी दुकान पणाला लावलं होतं, तिने हे सांगितलं. सरळ, शांत आवाजात, पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तसं. वकिलाने खांदे उडवले. बोर्डाने मत दिलं, एक विरोधी, बाकी सगळे बाजूने, परवान्यांचा आकडा एकाने वाढला. मेयर मावशीशी हस्तांदोलन करायला खाली उतरला आणि त्याने विचारलं, तुमच्या त्या तिखट मटणाबरोबर कुठली बिअर चांगली लागेल. मावशी म्हणाली, ते मला नाही माहीत, तुम्ही येऊन सांगा.

घरी जाताना मी गाडीत म्हणालो, "मावशी, मी..."

"हीटर वाढव जरा," ती म्हणाली. "पाय गारठून राहिले."

त्याच रविवारी अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये वंदना होती. नेहमीपेक्षा गर्दी जास्त. परवान्याची बातमी सगळीकडे पोहोचली होती, आणि आमच्या मंडळींना एकच उत्सुकता होती: पंचशील म्हणताना, पाचवं शील येईल तेव्हा, मद्यापासून दूर राहण्याचं, तेव्हा ही बाई काय करते. पुरुष चक्क वाकून तिच्या तोंडाकडे बघत होते. चादरीखालच्या बाटल्यांसमोर हात जोडून उभे, सगळे साळसूद.

पाचवं शील आलं. मावशीने ते खणखणीत आवाजात म्हटलं, अख्ख्या बेसमेंटला ऐकू जाईल असं. ती पीत नव्हती, तिला ते म्हणायची लाज नव्हती. मंडळी हिरमुसली. वंदना संपल्यावर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, मंडळाच्या पुढच्या मीटिंगा मावशींच्या इथेच ठेवू या का, बिअर वगैरे आपापली मागवता येईल.

वंदनेच्या वेळी मी मावशीच्या शेजारी उभा होतो, आणि जे बाकी कुणी पाहिलं नव्हतं ते मी पाहिलं होतं. सगळे पाचव्यावर टपून बसलेले, म्हणून चौथ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पहिलं, दुसरं, तिसरं तिने सगळ्यांबरोबर म्हटलं. चौथं आलं तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते. हात जोडलेले, डोळे बंद, आणि तोंडातून अक्षर नाही. मी मात्र ते पूर्ण म्हटलं, मोठ्याने, एकही अक्षर न चुकता.